ओबीपी आणि सीएसपी: परीक्षानळीत गंधरेणू बांधला म्हणजे कीटकाला वास आला का?

निशापतंग (धागाकर्ता)

कीटकांच्या घ्राणसंवेदनेवरच्या शोधनिबंधांचा एक ठरलेला साचा झालाय. शृंगिकेतलं (डोक्यावरच्या मिशीतलं) एखादं ओबीपी (गंधरेणू बांधणारं प्रथिन) किंवा सीएसपी (रसायन-संवेदी प्रथिन) यांचं जनुक ई. कोलाय या जिवाणूत उतरवायचं, शुद्ध प्रथिनात 1-एनपीएन हा चमकणारा रेणू घालायचा, मग पंचवीस-तीस गंधरेणू तपासायचे. त्यातले चार-पाच बांधले गेले की शेवटच्या परिच्छेदात लिहायचं, 'हे प्रथिन यजमान वनस्पती शोधण्यात महत्त्वाची भूमिका बजावतं.' बंधनापासून थेट वर्तनापर्यंत उडी. मधे काय काय लागतं आणि ते कसं तपासायचं, यावर इथे बोलावं म्हणून हा धागा.

सुरुवातीपुरती मांडणी करून ठेवतो. शृंगिकेवरच्या संवेदी केसाच्या भिंतीत सूक्ष्म छिद्रं असतात. त्यातून गंधरेणू आत शिरतो. आत लसिका, आणि त्या लसिकेत बुडालेली चेतापेशीची टोकं. लसिका पाणीदार, पतंगांचे कामगंध (जोडीदाराला बोलावणारे वास) मात्र 12 ते 18 कार्बनच्या लांब साखळ्या, टोकाला अल्कोहोल, अल्डिहाइड नाहीतर ॲसिटेट, पाण्यात जवळजवळ न विरघळणारे. केसाच्या बुडाशी असलेल्या साहाय्यक पेशी या लसिकेत ओबीपी ओततात, आणि किती? पतंगांच्या कामगंधाच्या केसांत अंदाज 10 मिलीमोलरपर्यंत जातो. 15 किलोडाल्टनच्या प्रथिनासाठी हे लिटरमागे दीडशे ग्रॅम झालं. चेतापेशीच्या पटलावर गंधग्राही (ओआर) आणि त्याचा सहग्राही ऑर्को मिळून आयन चॅनल बनतो, शेजारी एसएनएमपी-1 हे पटलातलं प्रथिन असतं, आणि काम झालेला रेणू मोडायला लसिकेतच एन्झाइमं असतात.

पहिलं ओबीपी आणि असं पहिलं एन्झाइम, दोन्ही 1981 साली व्होग्ट आणि रिडिफर्ड यांना अँथेरिया पॉलिफेमस या रेशमी पतंगाच्या नराच्या शृंगिकेत मिळाली. 1985 च्या मापनानुसार ते एन्झाइम समोर असताना कामगंधाचं अर्धायुष्य 15 मिलिसेकंदांच्या आसपास येतं. एवढ्या अवधीत रेणूने ग्राहीपर्यंत पोचायचं. आता प्रश्न असा की ओबीपी त्याला पोचवतं, वाचवतं, की अडवून धरतं?

---

मिलीमोलर

ओबीपी आणि सीएसपी एका दमात घेतलीत, आधी ती वेगळी करू. दोन्ही लहान, विद्राव्य, अल्फा-हेलिक्सची बनलेली आणि पोटात पाणी टाळणारी पोकळी असलेली, पण घराणी वेगळी.

अभिजात ओबीपीत सहा जपलेले सिस्टीन आणि तीन डायसल्फाइड बंध: पहिला-तिसरा, दुसरा-पाचवा, चौथा-सहावा. बंध एकमेकांत गुंतलेले असल्याने साचा कडक राहतो. सीएसपी 12 किलोडाल्टनच्या आसपास, सिस्टीन चारच आणि बंध शेजाऱ्या-शेजाऱ्यांत: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा. म्हणजे दोन छोटे फास, बाकीचं प्रथिन मोकळं. अनुक्रमात सीएसपी ओळखायला सोपं: पहिल्या दोन सिस्टीनमध्ये बहुधा 6 अमिनो आम्लं, पुढच्या जोडीत 18, शेवटच्या जोडीत 2.

या मोकळेपणाचा परिणाम मॅमेस्ट्रा ब्रासिकी या पतंगाच्या सीएसपीत स्फटिकरचनेवरून दिसला. ब्रोमोडोडेकॅनॉल दिल्यावर पोकळी एवढी पसरली की एका प्रथिनात तीन रेणू मावले. त्यामुळे 'एक प्रथिन, एक रेणू' हे गृहीत धरून काढलेला बंधन-स्थिरांक (बंधन किती घट्ट ते सांगणारा आकडा, लहान म्हणजे घट्ट) सीएसपीसाठी डोळे मिटून वापरू नये.

संख्येतही फरक आहे. फळमाशीत ओबीपीची जनुकं 50 च्या घरात, सीएसपी फक्त 4. मधमाशीत 21 आणि 6. उलट तिचे गंधग्राही 170 च्या आसपास. इतक्या ग्राहींना 21 ओबीपी पुरतात, यावरूनच कळावं की एका वासाला एक ओबीपी असा हिशेब नाही.

---

आगमुंगी

'पोचवतं की अडवतं' या प्रश्नाला एकच उत्तर शोधाल तर फसाल. जिवंत कीटकावरचे तीन निकाल शेजारी ठेवून पाहा.

फळमाशीतलं लश, म्हणजे ओबीपी-76ए. हे जनुक नसलं की सिस-व्हॅक्सेनिल ॲसिटेट या कामगंधाला टी-1 या प्रकारच्या केसातली चेतापेशी नेहमीच्या मात्रेत जवळपास गप्प बसते (2005). त्यावर 2008 मध्ये दावा आला की ग्राहीला कामगंध नव्हे तर कामगंध धरून आकार बदललेलं लश चेतवतं. 2013 मध्ये तो दावा ढासळला: मात्रा पुरेशी वाढवली तर लश नसतानाही चेतापेशी उत्तर देते. म्हणजे लश संवेदनशीलता वाढवतं, ग्राहीची किल्ली मात्र कामगंधच.

दुसरं, रेशीमकिड्याचं पीबीपी-1 (कामगंध बांधणारं ओबीपी). हे जनुक मोडलेल्या पतंगांत (2018) बॉम्बिकॉल आणि बॉम्बिकॅल या दोन्ही कामगंधांना शृंगिकेचं उत्तर कमी झालं, पण दोन्हींतला भेद पतंगाला करता येतच होता. तो भेद ओआर-1 आणि ओआर-3 हे ग्राही करतात. गंमत अशी की 2006 च्या प्रयोगात, ओआर-1 बसवलेल्या पेशींना डायमिथिल सल्फॉक्साइड या द्रावकाऐवजी पीबीपीतून रेणू दिले तेव्हा निवडकपणा वाढलेला दिसला होता. पेशीपात्रातला निष्कर्ष पतंगात जसाच्या तसा उतरला नाही.

तिसरा निकाल सगळ्यांत अडचणीचा. फळमाशीच्या एबी-8 या प्रकारच्या केसात मुबलक असं एकच ओबीपी असतं, 28ए. 2016 मध्ये ते काढून टाकलं तर उत्तर कमी झालं नाही, काही वासांना उलट वाढलं. लेखकांची मांडणी अशी की इथे ओबीपी वासाच्या अचानक चढउतारांना आळा घालतं. 'ओबीपी म्हणजे गंधरेणूंचा हमाल' हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून काढायला एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो.

---

निशापतंग

28ए च्या बाबतीत एक शंका. तिथले वास लहान, बऱ्यापैकी विरघळणारे रेणू होते ना? 16 कार्बनच्या साखळीला ते लागू करायचं का?

---

आगमुंगी

नाही, आणि म्हणूनच उत्तर केसागणिक बदलतं. कामगंधाच्या लांब केसात ओबीपी नसण्याचा फटका बसतो, लहान रेणूंच्या केसात बसत नाही. शिवाय काही ओबीपी वासाच्या कामातच नाहीत. 59ए हे शृंगिकेतल्या आर्द्रता ओळखणाऱ्या केसांना लागतं. 49ए चवीच्या केसात असतं. कडू रेणू धरून ते गोडाची चेतना दाबतं. 57डी आणि 57ई यांचा संबंध ड्रोसोफिला सेशेलिया नोनीच्या फळातल्या हेक्झॅनोइक आणि ऑक्टॅनोइक आम्लांना न बिचकता त्यावर अंडी घालते, त्याच्याशी. घाटेअळीच्या पतंगात ओबीपी-10 नराच्या वीर्यद्रवातून मादीकडे जातं आणि अंड्यांवर सापडतं. प्रतिलेखांच्या (जनुकांच्या आरएनए प्रतींच्या) यादीत 'ओबीपी' दिसलं की लगेच 'घ्राण' लिहू नये.

---

टोळधाड

सीएसपीबद्दल हे दुप्पट खरं. यांचा पसारा शृंगिकेत कमी आणि बाहेर जास्त. झुरळाचा तुटलेला पाय पुन्हा उगवताना पी-10 नावाचं जे प्रथिन भरपूर बनतं, ते याच घराण्यातलं. मधमाशीच्या भ्रूणात सीएसपी-5 दाबलं तर बाह्यत्वचा नीट बनत नाही. घाटेअळीच्या पतंगाच्या सोंडेत सीएसपी-4 इतकं साठलेलं असतं की ते द्रवाचा पृष्ठताण कमी करून मकरंद चढायला मदत करतं, अशी मांडणी आहे. वासाचा संबंध शून्य.

वर्तनाशी जोडलेलं उदाहरण हवं तर स्थलांतरी टोळ. एकट्या आणि थव्यातल्या अवस्थेत सीएसपी आणि टेकआउट या दोन घराण्यांच्या जनुकांचं पारडं बदलतं, आणि आरएनएआयने (दुपदरी आरएनए देऊन जनुक गप्प करण्याच्या तंत्राने) ती दाबली की इतर टोळांकडे ओढलं जाणं किंवा त्यांच्यापासून दूर जाणं यात फरक पडतो (2011).

पण माझ्या मते सीएसपीचं सगळ्यांत ठोस काम 2020 मध्ये दिसलं, आणि ते डासाच्या पायात. अ‍ॅनोफिलिसमधलं एसएपी-2 हे सीएसपीच. पायरेथ्रॉइडला दाद न देणाऱ्या डासांत ते जास्त, कीटकनाशकाचा स्पर्श झाला की आणखी वाढतं. दाबलं की डास पुन्हा मरू लागतात, संवेदनशील डासात वाढवलं की वाचू लागतात. मच्छरदाणीवर बसलेल्या डासाच्या पायातून विष आत शिरतं तिथेच त्याला धरून ठेवणारं प्रथिन. दाबलं तर काय, वाढवलं तर काय आणि बांधतं कशाला, हे तिन्ही एका कामात तपासले गेले म्हणून हा पुरावा पटतो.

---

क्युव्हेट

आता ज्या प्रयोगावर सगळे तुटून पडलेत त्याकडे. 1-एनपीएन वाईट नाही, वापरणारे घाई करतात.

नेहमीची रीत: 50 मिलीमोलर ट्रिस, पीएच 7.4, त्यात 2 मायक्रोमोलर प्रथिन, 1 सेंटिमीटरचं क्वार्ट्झ क्युव्हेट. 1-एनपीएन मिथेनॉलमध्ये 1 मिलीमोलर करून ठेवायचं आणि 2 पासून 16-20 मायक्रोमोलरपर्यंत चढवत न्यायचं. उत्तेजन 337 नॅनोमीटरला. पाण्यात 1-एनपीएन मंद चमकतं. पोकळीत शिरलं की चमक वाढते आणि शिखर निळ्याकडे सरकून 400 च्या आसपास येतं. दर वेळी ढवळून दोन मिनिटं थांबायचं. यातून 1-एनपीएनचा स्वतःचा स्थिरांक मिळाला की दुसरी फेरी: प्रथिन 2, 1-एनपीएन 2 मायक्रोमोलर, आणि गंधरेणू वाढवत चमक निम्मी कधी होते ते पाहायचं.

इथपर्यंत सगळ्यांना येतं. चुकतं ते पुढे.

गणितात 1-एनपीएनची मोकळी मात्रा घालायची असते, बरेच जण एकूण घालतात. समजा 1-एनपीएनचा स्थिरांक 1 मायक्रोमोलर आहे आणि गंधरेणूची निम्म्यावर आणणारी मात्रा 8. केआय (गंधरेणूचा स्थिरांक) म्हणजे ही मात्रा भागिले (1 अधिक 1-एनपीएनची मात्रा भागिले त्याचा स्थिरांक). एकूण 2 धरलं तर केआय 8 भागिले 3, म्हणजे 2.7. पण 2 प्रथिन आणि 2 1-एनपीएन असताना त्यातलं 1 बांधलेलं असतं, मोकळं 1 च उरतं. म्हणजे 8 भागिले 2, केआय 4. तक्त्यातला 'सर्वोत्तम' रेणू एवढ्यावरून बदलू शकतो. शिवाय 2 मायक्रोमोलर प्रथिन घेऊन 0.1 चा केआय सांगण्यात अर्थ नाही. निम्म्या जागा भरायलाच 1 मायक्रोमोलर रेणू लागतो.

दुसरा घोटाळा लांब साखळ्यांचा. काही मायक्रोमोलरच्या वर त्या पाण्यात गोळा होतात, 1-एनपीएन त्या गोळ्यांत जाऊन बसतं आणि आकडे बिघडतात. ओळखायला प्रथिनाशिवाय फक्त 1-एनपीएन आणि गंधरेणू अशी एक मालिका घ्यावी. चमक 460 कडे मंद राहिली तर ठीक. ती वाढू लागली आणि शिखर सरकलं, तर त्या मात्रेच्या पुढचे सगळे बिंदू फेकायचे. हा नियंत्रण-प्रयोग अर्ध्या निबंधांत नसतो. मिथेनॉल एकूण 1-2 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये.

आणि जे 1-एनपीएनला हलवत नाही ते बांधलं जातच नाही, असं नसतं. पोकळी मोठी असेल तर दोघं शेजारी राहू शकतात. वर तीन रेणूंचं सीएसपी आलंच आहे. अशा वेळी ट्रिप्टोफॅनची स्वतःची चमक विझते का ते पाहा, किंवा कॅलरीमापीवर जा.

---

निशापतंग

पीएच 5 ला मोजून 'बंधन घटलं, म्हणजे पटलाजवळ रेणू सुटतो' असं म्हणतात, त्याचं काय?

---

मिलीमोलर

ते आलंय रेशीमकिड्याच्या पीबीपीवरून. 1999 मध्ये पीएचनुसार आकार बदलतो हे दिसलं, 2000 मध्ये बॉम्बिकॉलसह स्फटिकरचना आली, आणि 2001 च्या एनएमआर रचनेत स्पष्ट झालं की आम्लधर्मी द्रावणात प्रथिनाची सी-टोकाकडची शेपटी हेलिक्स बनून पोकळीतच शिरते आणि रेणूला बाहेर काढते. पटलावरच्या ऋणभारामुळे तिथला पीएच उतरतो, म्हणून रेणू नेमका ग्राहीजवळ सुटावा, असा तर्क. तर्क देखणा आहे, पण शेपटी तेवढी लांब असेल तिथेच तो लागू. आखूड शेपटीच्या ओबीपीत यंत्रणा वेगळी, आणि सीएसपीला तर हे लावूच नये. पीएच 5 ला 1-एनपीएनचा स्थिरांक वेगळा मोजायला विसरू नका, 7.4 चा घालून केलेली तुलना बाद.

यातूनच एक व्यवहाराची गोष्ट निघते: शुद्धीकरणासाठी जोडायचा हिस्टिडीन टॅग सी-टोकाला लावू नका. जी शेपटी पोकळीत शिरायची तिलाच सहा हिस्टिडीन बांधून ठेवले तर पीएचचा परिणाम दिसणार कसा? टॅग एन-टोकाला, कापता येईल असा, आणि मोजण्याआधी कापलेला.

---

सहासिस्टीन

प्रथिन बनवण्यावर थोडं, कारण अर्धे खोटे निकाल तिथेच जन्मतात.

संकेत-पेप्टाइड काढून परिपक्व भागच क्लोन करावा. साध्या बीएल-21 या ई. कोलाय वाणाच्या पेशीद्रवात ओबीपी बहुधा चुकीच्या बंधांसह गोळा होऊन बसतं. मार्ग दोन. पीईटी-22बी सारख्या वाहकातून पेरिप्लाझममध्ये पाठवा: उत्पन्न कमी, पण बंध आपोआप योग्य. किंवा गोळा झालेलं प्रथिन 8 मोलर युरियात डीटीटी या क्षपणकासह विरघळवा आणि ग्लुटाथायोनच्या ऑक्सिडित-क्षपित जोडीत हळूहळू घडी घाला. घाईने डायलिसिस केलं की पांढरा साका तळाला.

घडी योग्य की नाही हे जेलवरच्या पट्टीवरून कळत नाही. वस्तुमान मोजा. तीन बंध म्हणजे सहा हायड्रोजन गेले, अपेक्षेपेक्षा 6 डाल्टन कमी यायला हवेत, सीएसपीत 4. बंध आहेत पण भलत्याच जोड्यांत, हे वस्तुमानात दिसत नाही, त्यासाठी क्षपण न करता ट्रिप्सिनने तोडून तुकडे पाहावे लागतात.

आणखी एक. जिवाणूची मेदाम्लं पोकळीत आधीच बसलेली असतात आणि साध्या शुद्धीकरणात निघत नाहीत. मग 1-एनपीएनला जागाच नसते आणि निष्कर्ष निघतो 'हे ओबीपी काहीच बांधत नाही'. आम्ल पीएचला पाणी टाळणाऱ्या रेझिनवरून प्रथिन नेऊन मेद काढा, 7.4 वर परत आणा, मग मोजा. आधी आणि नंतर 1-एनपीएनचं शिखर किती चढतं याची तुलना केली की अडकलेल्या मेदाचा अंदाज येतो.

---

वाळवी

डॉकिंगबद्दल (संगणकावर रेणू पोकळीत बसवून पाहण्याबद्दल) कुणीच काही बोललं नाही?

---

क्युव्हेट

बोलण्यासारखं थोडंच आहे. पाणी टाळणारी पोकळी आणि पाणी टाळणारी साखळी दिली की संगणक नेहमीच छान ऊर्जा दाखवतो. मोठा रेणू, जास्त संपर्क, जास्त गुण. कुठलं अमिनो आम्ल बदलून पाहावं हे ठरवण्यापुरतं डॉकिंग वापरा. ते बदलल्यावर बंधन खरंच पडलं, आणि घडी शाबूत असल्याचं वर्तुळ-द्विवर्णतेच्या आलेखात दिसलं, तरच त्या आकृतीला किंमत.

---

टोळधाड

निशापतंग यांच्या मूळ प्रश्नातल्या मधल्या पायऱ्या मी अशा लावेन. प्रथिन नेमकं कुठल्या केसात आहे, हे आधी. शृंगिकेत पायापेक्षा प्रतिलेख जास्त एवढं क्यूपीसीआर (प्रतिलेख मोजण्याची रीत) सांगतं. ते लसिकेत आहे की त्वचेच्या पेशीत, हे प्रतिपिंड लावून किंवा इन सिटूने (ऊतकातच प्रतिलेख रंगवून) पाहावं लागतं. मग त्याच केसात त्या गंधरेणूला उत्तर देणारी चेतापेशी आहे का, हे एका केसाच्या नोंदीतून. ती नसेल तर बंधन कितीही घट्ट असो, गोष्ट तिथेच संपली.

त्यानंतर जनुक दाबणं. दोन एकमेकांवर न येणारे डीएसआरएनए तुकडे घ्या, प्रत्येकी 300 ते 500 बेस, आणि जीएफपी या कीटकात नसलेल्या जनुकाचं नियंत्रण. सीएसपीची जनुकं बरेचदा एकापाठोपाठ ओळीने असतात आणि अनुक्रम जवळचे, त्यामुळे 20 बेसचा सारखा पट्टा सापडला तरी शेजारी दाबला जातो. शेजाऱ्यांचेही प्रतिलेख मोजा. भुंगेऱ्यांत आरएनएआय सहज लागतं, पतंगांत लहरी. तिथे सरळ क्रिस्पर.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग म्हणजे प्रथिनाचं आयुष्य. प्रतिलेख 80 टक्के उतरला म्हणून लसिकेत आधीच साठलेलं प्रथिन नाहीसं होत नाही. वेस्टर्न ब्लॉटने प्रथिन न मोजता 48 तासांनी शृंगिकालेख (शृंगिकेच्या विद्युत उत्तराची नोंद) घेतला आणि फरक दिसला नाही, तर त्यातून 'भूमिका नाही' निघत नाही.

---

आगमुंगी

+1. शृंगिकालेखाबद्दल इतकंच: उत्तर घटलं की आधी असंबंधित वास देऊन पाहा, शक्य तर आयआर या ग्राहींच्या दुसऱ्या कुटुंबाने ओळखला जाणारा एखादा आम्लाचा वास. तोही घटला असेल तर शृंगिकाच मरगळलेली आहे. दर काही झोतांनंतर एक ठरलेला संदर्भवास द्या आणि आकडे त्याच्या प्रमाणात मांडा, कारण कापलेल्या शृंगिकेचं उत्तर मिनिटागणिक उतरत जातं. झोत अर्ध्या सेकंदाचा, दोन झोतांत निदान 30 सेकंद, कामगंधाला मिनिटभर. कागदावर 10 मायक्रोग्रॅम टाकले म्हणजे शृंगिकेवर 10 पोचले असं नाही. 16 कार्बनच्या ॲसिटेटचं बाष्प सहा कार्बनच्या अल्कोहोलच्या तुलनेत नगण्य असतं. दोन वासांची उंची एकाच आलेखात शेजारी ठेवून 'हा जास्त आवडतो' म्हणणं त्यामुळेच चूक.

आणि क्रिस्परने ओबीपी काढलंत तर एकाच मात्रेवर थांबू नका. लशसारखं प्रकरण असेल तर फरक फक्त कमी मात्रेत दिसेल. 28ए सारखं असेल तर लांब, चढउतारांच्या झोतातच कळेल. एका मात्रेचा, एका अर्ध्या सेकंदाचा प्रयोग दोन्ही चुकवतो.

---

निशापतंग

म्हणजे झोताची लांबीही बदलती ठेवायला हवी. 0.1, 0.5, 5 सेकंद आणि मात्रा दहापटीच्या चार पायऱ्यांत, असं बारा जोड्यांचं कोष्टक धरतो. एकाच शृंगिकेवर बारा जोड्या आणि मधले संदर्भझोत बसतील?

---

आगमुंगी

कापलेल्या शृंगिकेवर ओढाताण होईल. पाच सेकंदांचे झोत शेवटी ठेवा, कमी मात्रेकडून जास्तीकडे जा, आणि अखंड कीटक जखडून त्याच्या डोक्यावरच्या शृंगिकेवर नोंद घेता आली तर तेच करा. ती तासन्‌तास टिकते.